आबांच्या पाठीवरचा पाय

शिनोली, ता. आंबेगाव
६ जानेवारी १९९८

ती. दादास,

भोसरीहून धाडलेलं तुझं निळं पत्र काल घावलं. पोस्टमननं एसटी थांब्यावरच हातात दिलं आन म्हणला, साहेबांचं दिसतंय, अक्षर छापल्यागत हाय. मी म्हणलं, आमच्या घरात अक्षर त्यानं घेतलं, मला शेण मिळालं.

तू लिहिलंस, आबांची कंबर परत धरल्याचं तुला मंचरहून आलेल्या कुणीतरी सांगितलं, समाधाननं का कळवलं न्हाई. कळवायचं काय त्यात? धा वर्सं झाली, धरती आन सुटती. ह्या टायमाला नदीवरचं पाण्याचं इंजिन हलवताना कळ आली ती डाव्या कुल्ल्यातनं पोटरीत उतरली. मंचरच्या डॉक्टरनं फोटो काढला, गोळ्या दिल्या, पट्टा दिला. म्हणला, पुण्याला मोठा फोटो काढा, मणक्यामधली गादी सरकली असंल तर ऑपरेशन बी लागंल. आबा पट्टा बांधून अंगणात फिरत्यात तर पोळ्याचा बैल निघाल्यागत वाटतं.

पण ऑपरेशन कशाला? घरात मी हाय की. पायाकडून जन्मलेला माणूस साऱ्या शिनोलीत एकच, आन पायाळूनं पाठीला पाय लावला की उसण पळती हे तुझ्या कंपनीत ठावं नसलं तरी हितं पोराबाळाला ठावं हाय. घोडेगावपास्नं लोक येत्यात माझ्याकडं. तू बारावी झालास, आयटीआय झालास, नर्स बायको केलीस, भोसरीत खोली घेतलीस. मी धावीला दोनदा आपटलो. पण दादा, पाय माझाच लागतो. तुझ्या छापल्यागत अक्षरानं कुणाची उसण गेली न्हाई.

मला लहानपणचं एकच नीट आठवतं. मी चार वर्सांचा आसंन. दारात माणसं जमलेली. आबांनी मला कडंवर घेतलं आन समद्यांच्या पुढं केलं. मला. तू खांबाला टेकून हुबा व्हतास, तुला न्हाई केलं. ते सोडलं तर समदं तुलाच. पायाळूला वीज हुडकत येती म्हणत्यात, तरी आभाळ कडाडलं की आई आधी तुला घरात वढायची आन मी अंगणात तसाच. तुझी वही भिजंल म्हणून आसंल. आई गेली, आता कुणाला इचारू.

तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं. समदं न्हाई, जेवढं कामाचं तेवढं. आता ते सांगत्यात ते लिहितो. आबा म्हणत्यात, पुण्याला यायची गरज न्हाई. समाधानच्या पायानं उतार पडतोय. तू तुझ्या कामाकडं बघ, रजा काढू नगंस.

वहिनीला नमस्कार. तिला म्हणावं, सुई टोचायला माझी पाठ न्हाई मिळायची.

तुझा अडाणी भाऊ,
समाधान


भोसरी
१८ जानेवारी १९९८

चि. समाधान,

पत्र मिळालं. हसलो आणि मग हसू गेलं. कळ पोटरीपर्यंत उतरली, हे वाचल्यावर अश्विनीनं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि दोनदा वाचलं. तिनं तिच्या दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांना विचारलं. ते काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला तुझ्यासारखं रंगवता येत नाही.

गादी सरकली तरी दहातल्या नऊ जणांना ऑपरेशन लागत नाही. थोडे दिवस आराम, शेक, गोळ्या, मग हळूहळू व्यायाम. दीड-दोन महिन्यांत बहुतेक माणसं उठून कामाला लागतात. तेलानं मालिश केलं, शेकलं, तर बरं वाटतं, त्याला ते नको म्हणत नाहीत. पण पाय जर लुळा पडायला लागला, बोटं उचलेनाशी झाली, पायाला स्पर्श कळेना, लघवीला त्रास व्हायला लागला, तर एक दिवसही थांबायचं नाही. मग ऑपरेशनच. उशीर केला तर कळ जाते पण पाय परत येत नाही.

म्हणून तू एवढंच कर. आबांना टाचेवर चालायला सांग. डाव्या पायाचा अंगठा वर उचलता येतो का बघ. चालताना डावी चप्पल पायातून निसटते का, आणि निसटली तर त्यांना कळतं का, ते बघ. मला खरं कळव.

आणि त्यांच्या पाठीवर पाय ठेवू नकोस. नुसती उसण असेल तर तुझ्या पायानं काही बिघडत नाही. पण इथं आत काय झालंय ते आपल्याला माहीत नाही.

आबांना सावळेरामकाकांची भीती वाटत असेल. ऑपरेशन झालं आणि काका खाटेवरून उठलेच नाहीत, हे सगळा गाव सांगतो. अश्विनीनं चौकशी केली. काकांच्या मणक्यात गाठ होती, ते दुखणंच वेगळं होतं. हे आबांना नीट समजावून सांग.

एक विचारतो, रागावू नकोस. आबा सांगतात तेच लिहितोस ना? "तू तुझ्या कामाकडं बघ" असं आबा मला जन्मात कधी म्हणाले नाहीत.

कंपनीत फोन करू नकोस, तिथं फक्त मयतीचा फोन देतात. पत्रच लिही, पण लगेच.

तुझा दादा,
भरत


शिनोली
२ फेब्रुवारी १९९८

ती. दादास,

तू जन्मात ऐकलं न्हाईस म्हणून आबा बोललेच न्हाईत असं कसं? तू वर्सातनं दोनदा येतोस, सणाला आन जत्रंला. आबा येरवी काय बोलत्यात ते मी ऐकतो. म्हशीबी ऐकत्यात.

तुझ्या डॉक्टरचं वाचलं. तोच म्हणतोय ना धातल्या नवांना ऑपरेशन लागत न्हाई? मंग आपले आबा त्या नवात. धावा माणूस दुसऱ्या गावचा.

आमी गप बसल्यालो न्हाई. निरगुडीचा पाला बांधतो, इटकरीनं शेकतो, फळीवर निजवतो. कळंबला प्रयागमावशीकडं दोन दिस ऱ्हाऊन आलो, तिथल्या गेणभाऊ हाडवैद्याला दाखवलं. लई नावाजलेला माणूस, नारायणगावचे लोक येत्यात त्याच्याकडं. त्यानं आबांच्या पायाला हात लावला, जरा चाचपला आन सोडूनच दिलं. काय करायचं राह्यलंच न्हाई म्हणल्यावर तो तरी काय करणार.

आन शनिवारी सूर्य उगवायच्या आत मी पाय लावतो. तीन शनिवार झाले. आबा उंबऱ्यापाशी पालथे निजत्यात, मी डाव्या पायानं तीनदा दाबतो. नगं म्हणत न्हाईत. उलट परवा मीच इसारलो तर म्हणले, आज शनिवार हाय ना रं? तुला कधी अशी हाक मारली का त्येंनी?

सरपंचाची गंमत ऐक. त्याला चमक भरली. निरोप आला, घरी येऊन पाय लाव. मी म्हणलं, पायाळू कुणाच्या दारी जात न्हाई, रोग्यानं यायचं, ते बी एका पायात चप्पल, गळ्यात बैलाची घुंगरमाळ आन वाटंत कुणाशी बोलायचं न्हाई, न्हाईतर चमक उलटी चढती. बरूबर दूध घालायच्या टायमाला आला. डेअरीपुढनं. समदा गाव हुबा. कुणी कायबी इचारलं तरी हा नुसता मुंडी हलवतोय आन माळ वाजतीय. मी पाय लावला, चमक गेली. आता हसल्यानं गेली का पायानं, ते तुझ्या डॉक्टरला इचार.

तुझ्या चपलीचं म्हणशील तर आबा आताशा चप्पल घालतच न्हाईत. अनवाणीच बरं वाटतं म्हणत्यात. म्हंजी निसटायचा सवालच न्हाई.

पुढच्या हप्त्यात आबांना घेऊन लेण्याद्रीला चाललोय. तीनशेच्या वर पायऱ्या हायेत. चढून गेले का मंग तुला पत्र धाडतो, ते फ्रेम करून लाव.

आबा म्हणत्यात, बरं हाय.

समाधान


भोसरी
९ फेब्रुवारी १९९८

समाधान,

लेण्याद्रीला नेऊ नकोस. हे पत्र वेळेत मिळू दे एवढंच.

अनवाणी का चालतात ते कळलं नाही तुला? अश्विनी म्हणते, चप्पल पायात राहत नसेल, म्हणून सोडली असेल. मला एका ओळीत उत्तर पाठव. अंगठा उचलतो का नाही.

मी रजा टाकली होती, नामंजूर झाली. बावीस तारखेनंतर मिळेल. तोवर तू त्यांना घेऊन ये. भोसरीला उतरा, मी थांब्यावर येतो.

भरत


शिनोली
२४ फेब्रुवारी १९९८

ती. दादास,

तुझं पत्र आमी लेण्याद्रीहून आल्यावर मिळालं. पोस्टमनला नाव ठिवू नगंस, त्याचीच कंबर धरली व्हती. मीच पाय लावला.

तर लेण्याद्री. आबा चढले. मधी मधी बसत व्हते, पण तिथं धडधाकट माणसंबी बसत्यात. माकडांनी आमच्या फुटाण्याची पुडी पळवली, आबा खो खो हसले. लई दिसांनी हसले. गणपतीपुढं किती तरी येळ डोकं टेकून व्हते. येताना त्येंची हौस म्हणून डोली केली. चार माणसं खांद्यावर घेऊन चाललेत, मदी आबा. मी पुढनं वरडत चाललो, सरका, शिनोलीचे राजे आले. लोक बी सरकत व्हते.

वाचलंस? आता फ्रेम कर.

दादा, तुला खरं सांगू का तुझं काय हाय ते. तुला वाटतं समाधानला काय कळतं. तुझी बायको दवाखान्यात, तुझा डॉक्टर वळखीचा, तुझी रजा, तुझी भोसरी. आबांना तू नेणार, तू दाखवणार, तू बरं करणार. मंग साऱ्या गावात व्हणार, भरतनं बापाला उभा केला. आन समाधान काय करत व्हता? समाधान शेकत व्हता. इटकरी तापवत व्हता. दीड महिना त्येंना धरून परसाकडला नेतोय मी. त्याचं कुणी फ्रेम करत न्हाई.

आबा शेजारपाजारच्यांना तुझंच सांगत्यात. आमचा भरत मशीनवर असा एक केसाएवढा फरक बी धरतो. आमचा भरत सायबाशी इंग्रजीत बोलतो. पाव्हणं आले की तुझा फोटो खाली काढून पुसून दाखवत्यात. माझा फोटो न्हाईच तर पुसणार काय. माझ्याकडं आख्ख्या जगात एक गोष्ट हाय जी तुझ्याकडं न्हाई. हा पाय. त्याच्यावर बी तुझा डोळा हाय. पाठीवर पाय ठेवू नकोस म्हणं. का? माझ्या पायानं बरं वाटलं तर तुझ्या डॉक्टरचं नाक कापलं जाईल म्हणून?

मी आबांना आणणार न्हाई. येत्या शनिवारी पाय लावणार, आन त्याच्या पुढच्या बी.

आबा म्हणत्यात, ऑपरेशनचं नाव काढू नगंस.

समाधान


भोसरी
२ मार्च १९९८

समाधान,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. अश्विनी म्हणाली, तोंडानं सांगायची हिंमत नसेल तर लिहून तरी सांग. सतरा वर्षं झाली.

तू पायाळू नाहीस. मी आहे.

आपण दोघं कळंबला जन्मलो, आईच्या माहेरी. शिनोलीत कुणाला काही माहीत नव्हतं. मी सातवीत असताना एका लग्नात कळंबची आजी बोलून गेली, माझ्या सरूचं पोर पायाळू आहे. कोणतं ते ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात माणसं. मी खांबाला टेकून उभा होतो, ते तुला आठवतंय. मी पाय मागं लपवत होतो, ते तुला दिसलं नसेल. माझी स्कॉलरशिपची परीक्षा होती. मला कळत होतं की आता रोज पहाटे कुणीतरी येणार, बाजाराच्या दिवशी येणार, परीक्षेच्या दिवशी येणार, आणि पायाळूला नाही म्हणता येत नाही. आबांनी माझ्याकडं बघितलं. मग तुला कडेवर घेतलं आणि पुढं केलं. म्हणाले, हा.

तू हसत होतास. तुला वाटलं खेळ आहे. तुझा एवढासा पाय त्यांनी एका म्हाताऱ्याच्या पाठीवर टेकवला आणि सगळी माणसं वाहवा करायला लागली.

वीज कडाडली की आई आधी मला आत ओढायची, ते वहीसाठी नाही. ते तू पत्रात लिहिलंस तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नाही. खरं न वाटलं तर प्रयागमावशीला विचार. ती बाळंतपणाला होती.

तुझी शाळा कशी बुडाली ते मी बघत होतो. पहाटे लोक उठवायचे, तू वर्गात झोपायचास, गुरुजी मारायचे. मी कधी तोंड उघडलं नाही. मला ते बरंच पडत होतं.

आता नीट वाच. माझा पाय लावूनही काही झालं नसतं. गादी सरकलीय, ती कुणाच्या पायाला भीत नाही. मी पायाळू म्हणून येत नाही. गुरुवारी जीप घेऊन येतोय. तू आडवा आलास तरी नेणार आहे.

दादा


कळंब
४ मार्च १९९८

दादा,

हे पत्र नारायणगाव-भोसरी दुधाच्या टेम्पोवाल्याच्या हातात देतोय, पोस्टानं उशीर होईल.

मावशीला इचारलं. ती आधी म्हणली, कोण म्हणतं, असलं कायबी न्हाई. मंग पदर डोळ्याला लावला. पुढचं मला इचारावं लागलंच न्हाई.

आजच निघ, उद्याच्या गुरुवारची वाट बघू नगंस. डाव्या पायाचा अंगठा उचलत न्हाई. महिना झाला. पाय टाकताना फटकन आपटतो. चप्पल पुलावर गळून पडली, आबा तसेच पुढं गेले, माघारी फिरून मीच उचलली. लेण्याद्रीला साठ पायऱ्या झाल्या आन पाय अडकून पडले. वर डोलीतनंच नेलं आन खाली बी. हौस कसली.

गेणभाऊनं सोडून दिलं ते बरं वाटलं म्हणून न्हाई. तो म्हणला, पाय गार पडत चाललाय पोरा, हे माझ्या हातचं न्हाई, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात ने. माझ्या हातानं बिघडलं तर तुझा बाप मला माफ करंल, मी मला करणार न्हाई. त्यानं सांगितलं, मी लपवलं.

आन जानेवारीत पहिल्या पत्राच्या येळंला आबा म्हणले व्हते, लिही, भरतला म्हणाव ये. मी ते लिहिलं न्हाई. बाकी काय मनचं लिहिलं ते तुला ठावं हाय.

किल्ली शिनोलीत आपल्या शेजारी दिलेल्या प्रयागमावशीच्या लेकीकडं ठिवतो, आबांपाशी बी तीच बसंल. मी घरी नसंन. तुझा बाप, तुझा पाय, तुझी जीप. घेऊन जा.

स.


पुणे
२३ मार्च १९९८

चि. समाधान,

आठ तारखेला ऑपरेशन झालं. गादीचा तुकडा निघून शिरेवर बसला होता. डॉक्टर म्हणाले, तो काढला. दुसऱ्या दिवशी आबांना धरून उभं केलं. पोटरीतली कळ गेली, ते सारखं हात लावून बघतात, खरंच गेली का म्हणून. पण पायाचं डॉक्टर काही बोलत नाहीत. महिनाभर आधी यायला हवं होतं म्हणाले. शीर हळूहळू जागी होते, सहा महिने बघायचे, रोज व्यायाम करायचा. कदाचित पूर्ण येईल, कदाचित थोडं लंगडतील.

हे तुला टोचायला लिहीत नाही. मला जानेवारीतच वाटलं होतं काहीतरी चुकतंय. रजा नामंजूर झाली म्हणून बसून राहिलो. नोकरी सोडून पळत यायचं ते मीही आलो नाही.

आता तुला एक सांगतो आणि ते ऐकून तू खूश होशील. पंधरा दिवस मी उशाशी बसलोय. मी पाणी देतो, मी भरवतो, अश्विनी रोज दोनदा येते. आणि हे विचारतात, समा आला का? डॉक्टर आले तरी त्यांच्या मागं बघतात. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला रोज तुझी सरपंचाच्या घुंगरमाळेची गोष्ट सांगतात. तो माणूस आता मलाच विचारतो, तुम्ही ते माळवाले का? मी म्हणतो, नाही, मी दुसरा.

काल म्हणाले, घरी पत्र लिहायचंय. मी वही-पेन घेऊन बसलो. माझ्याकडं बघून म्हणाले, तू नको, तुला फार नीट लिहिता येतं. समा लिहील.

वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मला तुझा हेवा वाटेल असं वाटलं नव्हतं. कसं वाटतं ते आता कळलं.

पुढच्या सोमवारी सोडतील. खोलीवर ठेवून घेणार होतो, पण ते तयार नाहीत. घरी आणून सोडतो. तू घरी राहा. व्यायाम अश्विनी शिकवेल, पण रोज सकाळ-संध्याकाळ करून घ्यायला माणूस लागेल. ते मला इथून करता येणार नाही.

दादा


शिनोली
१४ जून १९९८

ती. दादास,

अडीच महिने पत्र न्हाई म्हणून तू रागावला आसशील. आबांना सोडायला तू आलास, मी दारातच व्हतो, तरी आपण दोघं जीपच्या टायरबद्दल बोलत बसलो. वहिनी बरी, तिनं सरळ माझा हात धरून आबांच्या पायाला लावला आन म्हणली, असं दाबायचं, भावजी, रुसायचं नंतर.

रोज दोनदा करतो. आबा खाटंवर पाय सोडून बसत्यात. मी खाली बसतो, त्येंच्या पावलावर हात ठिवतो आन दाबतो, त्येंनी पाऊल वर वढायचं. पहिले दोन महिने काय व्हत नव्हतं. मी दाबतोय आन खालनं काय न्हाई. आबा म्हणायचे, वढतोय रं मी, तुला लागत न्हाई का? मी म्हणायचो, लागतंय की. खोटं बोलायची सवय तेवढी कामाला आली.

परवाच्या दिशी खरंच लागलं. अंगठा. मुंगी चालल्यागत. मी काय बोललो न्हाई, त्येंना वाटंल परत खोटं बोलतोय.

शनिवारी मी त्येंना इचारलं. पेन हातात व्हता, तुला पत्र लिहायला बसलो व्हतो. म्हणलं, आबा, माझा पाय खोटा हे तुमाला ठावं व्हतं. मंग शनिवारच्या शनिवारी पाठ कशाला दिली?

आबांनी डावा पाय हातानं उचलून खाटंवर घेतला. मंग म्हणले, "लोकांपुढं तुला मीच केला. गावाच्या पाठीला तुझा पाय चालतो आन बापाच्या पाठीला चालत न्हाई, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

पुढं म्हणले, ये म्हणून सांगितलं आन भरत आला न्हाई, तवाच समजलो तू लिहिलंच न्हाई. पोस्टमनकडनं लिहून घेता आलं असतं. पण मलाबी सावळेरामची खाट दिसत व्हती. तुझा पाय पाठीवर असंस्तवर ऑपरेशन लांब हाय असं वाटायचं. तुझ्या एकट्याचं न्हाई ते.

मी म्हणलं, हे लिहू का दादाला? म्हणले, लिही, समदं लिही. म्हणून लिहिलंय.

दादा, मी अजून बी तुझ्यावर जळतो. जायचं न्हाई ते, लहानपणचं हाय. पण तू बी माझ्यावर जळतोस हे पत्र मी शर्टाच्या खिशात ठिवलंय आन अधनंमधनं वाचतो.

आता एक कर. मी समद्या गावाला खरं सांगून टाकलंय, पायाळू मी न्हाई, भरत. आधी कुणी मानंना. एकजण म्हणला, असू दे, तरी लाव, सवय झालीय. मंग मी सांगितलं, भरतचा पाय सतरा वर्सं वापरलेला न्हाई, कोरा हाय, एका दाबात काम. तवापास्नं रोज इचारायला येत्यात, साहेब कधी येणार. अकरा माणसं नाव लावून बसलीत. सरपंचाचा नंबर पहिला, त्यानं घुंगरमाळ आत्तापास्नंच पुसून ठिवलीय. तू भल्या पहाटं उठायची सवय कर. आन वीज कडाडायला लागली तर हितं तुला आत वढायला आता आई न्हाई, मी हाय. मी जरा सावकाश वढीन.

आबा म्हणत्यात, पुरं कर आता, आन माझं लिही.

आबा म्हणत्यात, भरतला म्हणाव ये.

त्येंनी सांगितलं तेवढंच लिहिलंय.

समाधान